शून्य दिवस कुठला? रुग्णांच्या जुन्या नोंदींवरून जोखीमघटक शोधताना

खडूफळा (धागाकर्ता)

जुने केसपेपर काढून 'कोणत्या रुग्णांचं पुढे काय झालं आणि कशामुळे' हे शोधणारे अभ्यास भरपूर होतात. त्यातले बरेचसे फसतात, आणि फसतात ते विश्लेषणाच्या कितीतरी आधी. रुग्णाचं घड्याळ नेमकं कोणत्या दिवशी सुरू झालं, म्हणजे त्याचा शून्य दिवस कुठला, हे न ठरवताच माहिती भरायला सुरुवात होते. ती चूक नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही, म्हणून हा धागा.

रचलेले आकडे घेऊन दाखवतो. हार्ट फेल्युअरसाठी दाखल झालेले १००० रुग्ण घरी गेले. त्यातल्या ५०० जणांना ९०व्या दिवशी रिहॅबचा (देखरेखीखालचा व्यायाम आणि पुनर्वसन) कार्यक्रम सुरू करायचा आहे, ५०० जणांना करायचा नाही. रिहॅबचा मृत्यूवर शून्य परिणाम होतो असं धरू. पहिल्या ९० दिवसांत दोन्हीकडचे १०% रुग्ण दगावतात आणि उरलेल्यांपैकी १०% पुढच्या नऊ महिन्यांत.

रिहॅब ठरवलेल्या ५०० पैकी ५० जण ९०व्या दिवसाआधीच गेले. त्यांच्या केसपेपरवर 'रिहॅब घेतलं' अशी नोंद असणारच नाही, त्यामुळे ते 'रिहॅब न घेतलेले' या रकान्यात पडले. प्रत्यक्ष घेणारे उरले ४५०, त्यातले ४५ दगावले: १०%. न घेणारे झाले ५५०. त्यांच्यातले मृत्यू ५० + ४५ आणि वर हे इकडे ढकललेले ५०, असे १४५: म्हणजे २६.४%. भागाकार केला की ०.३८ येतो, आणि 'रिहॅबमुळे मृत्यूचा धोका ६२ टक्क्यांनी घटला' हे वाक्य लिहून तयार! काहीही फायदा नसलेल्या गोष्टीचा.

डिस्चार्जपासून रिहॅब सुरू होईपर्यंतच्या काळात रिहॅब गटातला माणूस मरूच शकत नाही, कारण तो मेला तर त्या गटात येतच नाही. याला अमर काळाचा बायस (पद्धतीतूनच येणारा एकतर्फी कल) म्हणतात. 'औषध सुरू केलं', 'किमान तीन वेळा फॉलोअपला आला', 'केमोच्या सहाही सायकल पूर्ण झाल्या' असा कुठलाही गट पुढे घडलेल्या गोष्टीवरून पाडला की हा काळ आत शिरतो. गट पाडताना फक्त शून्य दिवशी माहीत असलेलीच गोष्ट वापरायची, हा नियम मी तरी सोडत नाही.

---

नाडीपरीक्षा

उदाहरण चपखल आहे. मग ९० दिवसांच्या आत दगावलेल्या सगळ्यांनाच वगळलं तर? घड्याळ ९०व्या दिवशी सुरू करायचं.

---

खडूफळा

हो, तीच लँडमार्क पद्धत. वरच्या आकड्यांवर करून पाहा: ९०व्या दिवशी जिवंत ९००, घेणारे ४५० त्यात ४५ मृत्यू, न घेणारे ४५० त्यात ४५ मृत्यू. फरक नाहीसा.

मात्र तीन गोष्टी सांभाळायच्या. लँडमार्कचा दिवस माहिती बघण्याआधी ठरवायचा. ३०, ६०, ९० असे तिन्ही लावून बघून बरा दिसणारा निवडायचा नाही. ९०व्या दिवसानंतर रिहॅब सुरू करणारे 'न घेतलेले' गटातच ठेवायचे, त्यांना नंतर उचलून इकडे आणायचं नाही. आणि निष्कर्ष फक्त ९० दिवस जगलेल्यांबद्दलच आहे हे लिहायचं. हार्ट फेल्युअरमध्ये सुरुवातीचे आठवडेच सगळ्यात धोक्याचे असतात, ते या पद्धतीत हातातून निसटतात. ती किंमत मोठी आहे.

ती द्यायची नसेल तर रिहॅबला काळानुसार बदलणारा घटक धरा. एका रुग्णाच्या दोन ओळी होतात. रुग्ण क्रमांक ४१७ ने ६०व्या दिवशी रिहॅब सुरू केलं आणि २१०व्या दिवशी तो दगावला, तर पहिली ओळ: सुरुवात ०, शेवट ६०, रिहॅब ०, मृत्यू ०. दुसरी ओळ: सुरुवात ६०, शेवट २१०, रिहॅब १, मृत्यू १. पहिले ६० दिवस ज्या खात्याचे आहेत त्याच खात्यावर पडले. कॉक्स मॉडेल (घटना घडेपर्यंतच्या काळाचं विश्लेषण करणारं रूढ मॉडेल) अशा ओळी सरळ घेतं.

तिसरा मार्ग मेहनतीचा, पण प्रश्न सगळ्यात स्वच्छ ठेवणारा. मिगेल हर्नान आणि जेमी रॉबिन्स यांनी २०१६ मध्ये तो 'टार्गेट ट्रायल'च्या चौकटीत नीट मांडला: जी रँडमाइज्ड ट्रायल (कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवणारी चाचणी) करता आली असती ती आधी कागदावर लिहा (कोण पात्र, कोणत्या दोन धोरणांची तुलना, घड्याळ कधी सुरू, परिणाम कोणता, पाठपुरावा कुठपर्यंत) आणि मग नोंदींमधून तिची नक्कल करा. आपल्या बाबतीत धोरणं दोन: '९० दिवसांत रिहॅब सुरू करा' आणि '९० दिवसांत सुरू करू नका'. ४०व्या दिवशी काहीच सुरू न करता दगावलेला रुग्ण दोन्ही धोरणांशी सुसंगत आहे, म्हणून त्याची ओळ दोन्हीकडे ठेवायची. जो ज्या दिवशी एखाद्या धोरणापासून ढळेल त्या दिवशी त्याची त्या बाजूची प्रत सेन्सॉर करायची (म्हणजे तिचं घड्याळ तिथेच थांबवायचं) आणि त्या सेन्सॉरिंगची भरपाई वजनांनी, म्हणजे तशाच उरलेल्या रुग्णांना जास्त वजन देऊन, करायची.

---

औदुंबर

धागा आवडला. यातली सगळ्यात महागात पडलेली चूक रजोनिवृत्तीनंतरच्या हॉर्मोन उपचारांची.

अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या पाठपुराव्यात हॉर्मोन घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी दिसत होता. त्यानंतर विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हची रँडमाइज्ड ट्रायल झाली. त्यातला इस्ट्रोजेन अधिक प्रोजेस्टिनचा भाग १६,६०८ स्त्रियांवर होता आणि सरासरी ५.२ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००२ मध्ये तो मुदतीआधी थांबवावा लागला. हृदयविकाराचा हॅझर्ड रेशो (दोन गटांतल्या धोक्याच्या वेगाचं गुणोत्तर) १.२९ आला, म्हणजे धोका उलट वाढलेला.

आर्थिक सुस्थिती, व्यायाम, जागरूकता असे कन्फाउंडर (उपचार आणि परिणाम दोन्हींशी जोडलेले, तुलना गढूळ करणारे घटक) सगळे सांगतात आणि ते आहेतच. पण शून्य दिवसाचाही मोठा वाटा होता. निरीक्षणात्मक अभ्यासात 'सध्या घेणाऱ्या' स्त्रियांची तुलना 'न घेणाऱ्यां'शी होत होती. सध्या घेणारी म्हणजे सुरू करून निभावलेली. ट्रायलमध्ये धोका पहिल्या वर्षात जास्त होता, आणि नेमका तोच काळ निरीक्षणात कमी पडत होता. २००८ मध्ये त्याच परिचारिकांची माहिती 'आजपासून सुरू करणाऱ्या विरुद्ध न करणाऱ्या' अशी ट्रायलसारखी मांडून पुन्हा तपासली तेव्हा उत्तर ट्रायलच्या बरंच जवळ सरकलं. माहिती तीच, स्त्रिया त्याच. बदललं ते घड्याळ कुठे सुरू होतं एवढंच.

म्हणून औषधाचा अभ्यास असेल तर जुने वापरणारे काढून टाका. आधीचे किमान सहा महिने किंवा वर्षभर ते औषध नसलेले आणि आता नव्याने सुरू करणारे, एवढेच घ्या. संख्या घटते, घटू द्या.

---

साडेतीन_टक्के

घड्याळ सुरू कधी होतं यावर चर्चा झाली, थांबतं कधी यावरही व्हायला हवी. परिणाम म्हणून काय मोजायचं हे ढिलं राहिलं की आधीची सगळी मेहनत वाया जाते.

सोयीचा परिणाम आणि रुग्णाला लागू पडणारा परिणाम यांतला फरक कास्ट या ट्रायलने शिकवला. हार्ट अटॅकनंतर ज्यांच्या हृदयाचे जादा ठोके पडतात ते जास्त मरतात हे दिसत होतं. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ते ठोके उत्तम दाबत. १९९१ च्या अहवालात औषध गटात ७५५ पैकी ६३ मृत्यू आणि प्लासिबो (औषध नसलेली नकली गोळी) गटात ७४३ पैकी २६. ईसीजी सुधारला आणि माणसं गेली. जादा ठोके हा जोखीमघटक खरा होता, पण तो हटवला की जोखीम हटेल हे गृहीतक खोटं निघालं. 'जोखीमघटक सापडला' या वाक्यावरून 'म्हणून त्यावर उपचार करा' या वाक्यावर उडी मारणाऱ्या प्रत्येकाने हे दोन आकडे समोर ठेवावेत.

दुसरं, पुन्हा दाखल होणं हा परिणाम असेल तर मृत्यू हा स्पर्धक आहे. मेलेला माणूस पुन्हा दाखल होत नाही. मृत्यूला सेन्सॉर करून कापलान-मायर (काळानुसार घटनांचं प्रमाण काढायची नेहमीची पद्धत) काढला तर आकडा फुगतो. समजा १०० पैकी २० जण घरी गेल्यावर पहिल्याच दिवशी वारले आणि उरलेल्या ८० पैकी ३० जण महिन्याभरात परत दाखल झाले. प्रत्यक्षात १०० पैकी ३० आले, ३०%. कापलान-मायर सांगेल ३०/८०, म्हणजे ३७.५%. इथे क्युम्युलेटिव्ह इन्सिडन्स (सगळ्या रुग्णांपैकी किती जणांच्या बाबतीत घटना घडली ते प्रमाण) काढायचा, आलेन-जोहान्सेन पद्धतीने. आर आणि स्टाटा या विश्लेषणाच्या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे.

---

रानफूल

माहिती भरण्याच्या टप्प्यावर लिहिते, कारण इथे होणाऱ्या चुका शोधनिबंधात कधीच दिसत नाहीत.

आधी परवानगी. एथिक्स कमिटीची मंजुरी येईपर्यंत एकही केसपेपर उघडायचा नाही. मग दोन फाइल: एकीत नाव, नोंदणी क्रमांक आणि अभ्यास क्रमांक, दुसरीत फक्त अभ्यास क्रमांक आणि माहिती. पहिली फाइल कुलूपबंद, विश्लेषण करणाऱ्याकडे फक्त दुसरी.

तारखा. ०५/०४ म्हणजे पाच एप्रिल की चार मे? एक्सेल यात गप्प बसून अदलाबदल करतं. दिवसाचा आकडा १२ किंवा त्याहून कमी असेल तर तारीख उलटी होऊनही तक्रार येत नाही. १३ किंवा जास्त असेल तर ती तारीख न राहता मजकूर बनते. म्हणून रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे चिकटलेल्या दिसल्या तर तिथेच थांबा, उजवीकडच्याही बिघडलेल्या असणार. सोपा उपाय: वर्ष, महिना, दिवस असे तीन वेगळे रकाने भरा आणि तारीख नंतर जोडा. मग तीन तपासण्या: डिस्चार्ज दाखल होण्याआधी नाही ना, मृत्यू शेवटच्या भेटीआधी नाही ना, जन्मतारखेवरून काढलेलं वय केसपेपरवरच्या वयाशी जुळतंय ना.

एककं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) काही प्रयोगशाळा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात, काही मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये. फरक ८८.४ पटीचा. आकड्यापुढे एककाचा स्वतंत्र रकाना हवाच, डोक्यात रूपांतर करून भरायचं नाही.

रिकाम्या जागा. 'माहीत नाही'साठी ९९९ लिहायची जुनी सवय सोडा. ९८ रुग्णांचं सरासरी क्रिएटिनिन १.४ आहे आणि दोघांच्या रकान्यात ९९९ आहे, तर सरासरी २१.३५ येते. इतकी मोठी चूक निदान डोळ्यांना दिसते. वयात किंवा नाडीत ९९ लिहिलेलं असेल तर तेही दिसत नाही. रिकामी जागा रिकामी ठेवा आणि शेजारी कारण लिहा: 'तपासणी झाली नाही' की 'झाली, पण रिपोर्ट सापडला नाही'. या दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) सगळ्यांचं तपासत नाहीत, जो जास्त आजारी दिसतो त्याचं तपासतात. फक्त तपासलेल्यांवर मॉडेल चालवलं तर तो गंभीर रुग्णांचा अभ्यास झाला. आणि केसपेपरवर धूम्रपानाबद्दल काहीच लिहिलं नाही, याचा अर्थ रुग्ण धूम्रपान करत नाही असा होत नाही.

शेवटी, परिणाम ठरवणाऱ्याला जोखीमघटक दिसता कामा नये. दोघांनी स्वतंत्रपणे ठरवावं, मतभेद झाला तर तिसऱ्याने.

---

नाडीपरीक्षा

रानफूलताई, ९९९ चा मुद्दा तंतोतंत. आता मॉडेलबद्दल. २४० रुग्ण, ३६ मृत्यू, ११ संभाव्य जोखीमघटक अशी रचना थिसिसमध्ये सर्रास दिसते. रूढ वाट अशी की प्रत्येक घटक एकेकटा तपासायचा, पी-व्हॅल्यू (खरा परिणाम नसतानाही केवळ योगायोगाने असा निकाल दिसण्याची शक्यता) ०.०५ पेक्षा कमी आलेले मल्टिव्हेरिएबल (अनेक घटक एकत्र घेणाऱ्या) मॉडेलमध्ये टाकायचे, तिथे टिकले ते 'स्वतंत्र जोखीमघटक'. यावर जाणकारांनी लिहावं.

---

साडेतीन_टक्के

ती वाट सोडून द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. एकट्याने तपासताना महत्त्वाचा कन्फाउंडर झाकलेला राहू शकतो आणि गाळणीत बाहेर पडतो. उलट ११ वेळा चाळणी लावल्यावर योगायोगाने एखादा आत येतो, आणि शेवटच्या तक्त्यात त्या चाळणीचा मागमूसही नसतो. पी-व्हॅल्यू जणू पहिलाच प्रयत्न असल्यासारखी छापली जाते. योगायोग काय करू शकतो याचं उत्तम उदाहरण इसिस-२ ही १९८८ ची ट्रायल: १७,१८७ रुग्ण, हार्ट अटॅकमध्ये ॲस्पिरिनचा फायदा निर्विवाद. पण राशीनुसार गट पाडले तेव्हा मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांत ॲस्पिरिन किंचित अपायकारक दिसलं. उपगटांवर विश्वास ठेवू नये हे सांगण्यासाठीच संशोधकांनी तो हिशेब मुद्दाम छापला होता.

मॉडेलची ताकद २४० वरून ठरत नाही, ३६ वरून ठरते. दर घटकामागे दहा घटना हा ठोकताळा १९९६ च्या सिम्युलेशनमधून रूढ झाला. तो अगदी ढोबळ आहे, आता त्यापेक्षा नेमकी सूत्रं आहेत, पण त्यानेही इथे तीन, फार तर चार घटक बसतात. आणि घटक म्हणजे रकाना नव्हे. हार्ट फेल्युअरच्या लक्षणांची तीव्रता सांगणारी चार पातळ्यांची एनवायएचए श्रेणी एकटीच तीन जागा खाते. कोणते तीन-चार, हे पूर्वीच्या ज्ञानावरून आधी लिहून ठेवायचं.

त्यात पुन्हा वय '६० च्या खाली-वर' असं कापू नका. आल्टमन आणि रॉयस्टन या संख्याशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं होतं की मध्यकावर दोन तुकडे करणं म्हणजे जवळपास एक तृतीयांश रुग्ण फेकून देण्याइतकं नुकसान. ५९ आणि ६१ वर्षांचे रुग्ण वेगळे आणि ६१ आणि ८५ चे सारखे, हे कुठलाच डॉक्टर मानत नाही. मग मॉडेलला का मानायला लावायचं? संख्या भरपूर असेल तर स्प्लाइन (माहितीनुसार वळणारी रेषा), कमी असेल तर साधी सरळ रेषा.

---

औदुंबर

सहमत, एक पुस्ती जोडतो. 'स्वतंत्र जोखीमघटक' हा शब्दच गोंधळ घालतो. एकाच मॉडेलमधले सगळे आकडे सारख्या अर्थाचे नसतात. लठ्ठपणामुळे रक्तदाब वाढतो, रक्तदाबामुळे स्ट्रोक होतो. मॉडेलमध्ये दोन्ही टाकले तर लठ्ठपणासमोरचा आकडा 'रक्तदाबाच्या वाटेने होणारा परिणाम वजा करून उरलेला' असतो. तो लहान आला म्हणून 'लठ्ठपणा महत्त्वाचा नाही' असं लिहिणं साफ चूक. प्रश्न एका घटकाचा असेल तर त्याच्यासाठी एक मॉडेल. त्यातले बाकीचे घटक त्याचा हिशेब नीट करण्यापुरते, त्यांचे आकडे निष्कर्ष म्हणून वाचायचे नाहीत. आणि कोणता घटक वाटेत आहे, कोणता आधी, हे पुन्हा शून्य दिवसावरूनच कळतं. शून्य दिवसानंतर मोजलेली गोष्ट कन्फाउंडर म्हणून मॉडेलमध्ये घालायची नाही.

ऑड्स रेशोबद्दलही सावध (ऑड्स म्हणजे घडलेल्यांचं न घडलेल्यांशी प्रमाण, ऑड्स रेशो म्हणजे दोन गटांच्या ऑड्सचं गुणोत्तर). पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण एका गटात ४०% आणि दुसऱ्यात २०% असेल तर धोका दुप्पट आहे, पण ऑड्स रेशो २.६७ येतो. 'धोका २.६७ पट' असं लिहिणं म्हणजे वाचकाची दिशाभूल. परिणाम इतका सर्रास घडणारा असेल तर रोबस्ट स्टँडर्ड एरर लावून पॉयसन रिग्रेशन करा, थेट रिस्क रेशो मिळतो. आणि शेजारी ४० आणि २० हे मूळ आकडे छापाच.

---

रानफूल

फॉलोअप सुटलेल्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. अभ्यास संपण्याची एक तारीख ठरवा आणि 'त्या तारखेला हा रुग्ण जिवंत होता का' हे प्रत्येकाबद्दल शोधा. होतं असं की मेलेल्यांची बातमी नातेवाइकांकडून कधीतरी कळते आणि तो मृत्यू मोजला जातो. जिवंत असलेल्याची कुणी बातमी देत नाही, त्याचं घड्याळ शेवटच्या भेटीला थांबवलं जातं. शेवटच्या भेटीनंतरचे मृत्यू मोजले आणि त्याच काळात जगलेले दिवस मोजले नाहीत, तर मृत्युदर वाढलेला दिसणारच. ठरवलेल्या तारखेनंतरचा मृत्यू कळला तरी मोजायचा नाही. किती जणांचा ठावठिकाणा लागला नाही हे प्रत्येक गटासाठी वेगळं लिहा; एकूण ८% सुटले आणि त्यातले बहुतेक सगळे एकाच गटातले असतील तर ते ८% साधे नव्हेत.

---

नाडीपरीक्षा

वाचनखूण साठवली. एक बारीक शंका राहिली. डिस्चार्जच्याच दिवशी, घरी पोचल्यावर दगावलेले रुग्ण असतात. त्यांचा काळ शून्य दिवस येतो. अशा ओळींचं काय करायचं?

---

खडूफळा

बारीक नाही, महत्त्वाची आहे. स्टाटामध्ये शून्य काळाची ओळ विश्लेषणातून गळते. आरमध्ये सुरुवात आणि शेवट असे दोन रकाने दिले आणि दोन्ही ० असले तर इशारा येतो आणि ती ओळ रिकामी धरली जाते. इशारे न वाचता पुढे गेलं की सगळ्यात लवकर दगावलेले रुग्णच नेमके अभ्यासातून गायब झालेले असतात.

त्यांना ०.५ दिवस द्या आणि तसं पद्धतीच्या भागात लिहा. रिहॅब ज्या दिवशी सुरू झालं त्याच दिवशी मृत्यू, अशी ओळ असेल तर तिथेही तेच: दुसऱ्या ओळीचा शेवट अर्ध्या दिवसाने पुढे. मग मॉडेलने छापलेली रुग्णसंख्या आणि मृत्यूंची संख्या मूळ फाइलशी ताडून पाहा. १००० रुग्णांच्या फाइलमधून मॉडेलमध्ये ९८८ च दिसले तर ते १२ जण कोण, हे नावानिशी नाही पण क्रमांकानिशी सापडेपर्यंत पुढचा एकही आकडा वाचू नका.